तिसरी रांग

आमच्या घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, असं मी म्हणणार नाही. विचारलं ना. जेवताना दादा म्हणाले, "सात सीटरच घेऊ या, काय गं?" माझ्या तोंडात घास होता. तो गिळून होईपर्यंत शेजारून आमचे साहेब म्हणाले, "बघू." आणि आमच्या घरात 'बघू' म्हटलं की ठरलं.

दादा म्हणजे माझे मोठे दीर. त्यांनी लग्न केलं नाही, रंगाचं दुकान केलं. माझा नवरा त्याच दुकानात रंग कालवतो. गिऱ्हाइकाने भिंतीचा नुसता पोपडा आणून दाखवला की तो हुबेहूब तोच रंग बनवून देतो, पण भावासमोर हो की नाही एवढं सांगताना त्याची दातखीळ बसते. आणि मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझी स्वतःची छोटी गाडी आहे, माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवून घेतलेली. शिकायला येणाऱ्या बायका तिला डबी म्हणतात. डबी माझ्या नावावर आहे, तिच्या टपावर माझी पाटी आहे, आणि डबी आहे तोवर माझं काम आहे. डबी गेली की मी घरी.

जुळी आहेत हे कळल्यापासून दादांचे पाय जमिनीवर नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं वर केली तेव्हा नवऱ्याने खुर्चीची पाठ धरली, आणि दादा बाहेरच्या बाकावर बसून रडले. खोटं नाही सांगत, ढसाढसा रडले. हा माणूस वाईट असता ना, तर माझं काम सोपं झालं असतं. वाईट माणसाशी कडाकडा भांडता तरी येतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पाळणे आणून माझ्या खोलीत ठेवले, आणि माझं टेबल बाहेर काढलं.

"डबीत मागे बाळांच्या दोन खुर्च्या बसतात," मी एकदा म्हणून पाहिलं. मी टेप घेऊन मोजलं होतं.

"आणि आई? आणि मी? आम्ही काय टपावर बसू?" दादा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, तिथेच चुकलं.

"शिवाय आता तू कुठे शिकवायला जाणार? दोन-दोन पोरं! नाकी नऊ येतील. डबी देऊन टाकू बदल्यात."

रद्दी देऊन टाकू म्हणावं तितक्या सहज. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाणी पीत होता, रिकाम्या ग्लासातून.

तर शनिवारी सकाळी आम्ही चौघं शोरूमला गेलो. डबीतूनच गेलो, म्हणजे बघा. मीच चालवत नेली, सातव्या महिन्याचं पोट स्टिअरिंगला लागू नये म्हणून सीट पार मागे सारून. दारात टाय लावलेला एक काटकुळा पोरगेला माणूस उभा होता. त्याने 'या सर, या मॅडम' करत आम्हाला त्या गाडीपाशी नेलं. गाडी कसली, दिवाणखानाच तो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, पुढच्या सीटवर चढवायला एका बाजूने दादा आणि दुसऱ्या बाजूने तो टायवाला लागला.

"आईच्या गुडघ्यांसाठीच तर घेतोय," दादा धापा टाकत म्हणाले. मग त्यांनी जागा वाटल्या. "मी चालवणार. आई पुढे. मधल्या सीटवर बाळं. आणि तू मागे, तिसऱ्या रांगेत. निवांत!"

"आणि हा?" मी नवऱ्याकडे बोट केलं.

"तो तुझ्या शेजारी."

टायवाल्याने मधली सीट दुमडून दाखवली. मी वाकले, पोट सांभाळलं, एक पाय आत टाकला, दुसरा ओढून घेतला, आणि कशीबशी मागे जाऊन पडले. सीट परत जागेवर बसली. तेवढ्यात दादांना हौस आली. "बाळांच्या खुर्च्या असतील ना तुमच्याकडे? लावून दाखवा. कसं दिसतंय ते तरी बघू." टायवाल्याने दोन खुर्च्या आणल्या, मधल्या सीटवर दोन बाजूंना करकचून बांधल्या, आणि मधल्या फटीत स्वतः अंग चोरून बसला. नवरा खालीच राहिला. त्याला दादांनी जुन्या गाड्यांची किंमत लावणाऱ्या माणसाबरोबर डबीपाशी पाठवलं होतं.

आम्ही चक्कर मारायला निघालो. माझे गुडघे पोटाला लागत होते आणि डोकं छताला. शेजारी खिडकी होती, पण ती उघडत नव्हती, नुसती शोभेची. दादा गाडी चालवतात तशी चालवत होते, म्हणजे ब्रेक आठवला की मारायचा. दर वेळी माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा. खाली पायपुसणं होतं.

"दादा, आरसा बघा! डावीकडे!"

चाक फुटपाथला घासलं. "मास्तरीणबाई, आता सुट्टी घ्या!" दादा खो-खो हसले. टायवालाही हसला, त्याला पोटासाठी हसावंच लागणार.

परत आलो. टायवाला फटीतून आडवा होऊन निसटला. "एक नंबर गाडी," दादा म्हणाले. "तुम्ही बसा गारव्यात. मी दोन मिनिटांत बोलून येतो." दोघं काचेच्या केबिनमध्ये गेले.

दोन मिनिटांची दहा झाली. मला बाथरूमला जायचं होतं. पोटात दोघांनी एकदम लाथा झाडायला सुरुवात केली होती, आणि त्यातली एक नेमकी नको तिथे बसत होती. मी पुढे वाकून सीटचा खटका ओढला. सीट हलेना. पुन्हा ओढला. मग डोक्यात उजेड पडला. बाळांच्या खुर्च्या बांधलेल्या असताना ही सीट दुमडतच नाही. म्हणजे रोज हेच. आधी मला आत घालायचं, मग खुर्च्या बांधायच्या, मग बाळं. बाळांची तोंडं माझ्याकडे असणार. ती रडलेली मला दिसणार, पण मधल्या सीटच्या पाठीवरून मला ती उचलता येणार नाहीत. आणि कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत मी आपली बसलेली. त्या फटीतून टायवाला निसटला होता, पण माझा एक पायसुद्धा गेला नसता.

फोन पर्समध्ये होता, आणि पर्स पुढे आईंच्या पायाशी. आईंची मान एका बाजूला कलली होती, डुलकी लागली असावी. मी शोभेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर डबी उभी होती. किंमत लावणारा तिच्या टायरला पायाने ठोकत होता. आणि माझा नवरा आतलं सामान काढत होता. माझी उशी, पाण्याची बाटली, काच पुसायचं फडकं. मग त्याने टपावरची पाटी सोडवली, बाहीने पुसली आणि काखेत धरली.

माझं डोकंच फिरलं. "पुसतोय बघा!" मी मोठ्याने म्हणाले. "पुसायची अक्कल आहे, तोंड उघडायची नाही! शेपूट घालून जन्माला आलाय मेला! आणि ते दादा! बाईला काय विचारायचं ते तिच्या तोंडात घास असताना विचारतात. टेबल माझं, खोली माझी, गाडी माझी, आणि सगळं ठरवणार हे! आणि ही म्हातारी! हिच्या गुडघ्यांपायी माझं काम चाललं!"

"मलाही उतरता येत नाहीये," पुढून आवाज आला.

वरच्या आरशात आईंचे डोळे दिसत होते, टक्क उघडे. त्यांना मान मागे वळवता येत नाही.

"केव्हापासून जाग्या आहात?"

"झोपले कुठे होते? ही केवढी उंच आहे गं. पाय खाली पोचत नाही. कोणी हात दिल्याशिवाय मी काही उतरत नाही."

"मग घरी का नाही बोललात?"

"बोलले की. म्हटलं, मला ती डबी बरी पडते, बूड टेकवलं की झालं. तर थोरला म्हणाला, आई, तुला त्यातलं कळत नाही. त्याला कोण सांगणार? वडील गेल्यापासून सगळं त्यानेच ओढलंय. त्याला नाही म्हणायची सवयच राहिली नाही कुणाला."

"आई, मघाशी मी ते म्हातारी म्हणाले..."

"म्हातारीला म्हातारीच म्हणणार. हे कसलं बटण आहे बघू." त्यांनी काहीतरी दाबलं. गाडीचे वायपर सुरू झाले, आणि कोरड्या काचेवर करकरत राहिले.

तेवढ्यात मागची डिकी उघडली. नवरा होता, काखेत पाटी. "अगं, तू अजून आतच?"

"नाही, मी बाजारात गेलेय. सीट दुमडत नाही!"

"मग इकडून ये ना. हळूच." त्याने डिकीतून हात पुढे केला.

"डिकीतून सामान काढतात," मी म्हणाले. "डबीची किल्ली कुठंय?"

"दादाकडे दिली."

"कोणाला विचारून?"

"तू काही बोलली नाहीस गं," तो म्हणाला. तेही खरंच होतं. म्हणून तर इतकं लागलं.

"मग आता बोलते. मला डबी द्यायची नाहीये. गाडी गेली तर मी त्या घरात गुदमरेन. जा, दादांना सांग आणि किल्ली घेऊन ये."

त्याने केबिनकडे पाहिलं. काचेपलीकडे दादा टायवाल्याच्या पाठीवर थाप मारत होते. मग नवऱ्याने पाटी डिकीत ठेवली, गुडघा टेकवून वर चढला, सीटच्या पाठीवरून रांगत आत आला आणि माझ्या शेजारी बसला.

"हे काय?"

"माझ्याच्याने नाही होणार गं," तो म्हणाला. "तूच सांग."

हसावं की रडावं कळेना. मला रडूच आलं. दोन पोटात होती, आणि तिसरा हा शेजारी येऊन बसला.

तेवढ्यात मधलं दार उघडलं. दादा, त्यांच्यामागे टायवाला. "वा! जागा पटकावल्यासुद्धा!" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बघवेना. "अगं, रडतेस काय? वेडी! उतरू नकोस, बस. डबी तुझ्या नावावर आहे ना, फक्त तुझी एक सही हवी." बाळांच्या खुर्च्यांमधल्या फटीतून कागद लावलेलं पॅड आत आलं. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

मी पेन घेतलं नाही. पण पॅड माझ्या पोटावर टेकलं होतं, आणि सगळे थांबले होते. वायपर करकरत होते. आत एकाने पॅडला लाथ मारली, कागद हलला.

"कर ना," नवरा पुटपुटला. "मग नंतर बघू."

"नाही," मी म्हणाले.

आवाज जेमतेम निघाला. दादा आणखी वाकले. "हां, इथे. या खालच्या रेघेवर." त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही. ऐकू आलेलं त्यांना कळलंच नव्हतं.

"नाही म्हणाली ती," आई म्हणाल्या.

दादांचं बोट रेघेवरच राहिलं.

"मला पुढे बसून ऐकू आलं," आई समोर बघतच म्हणाल्या. "तुला तिथून येत नाही का?"

"अगं आई, हे सगळं तुमच्यासाठीच..." दादांचा चेहरा एवढासा झाला. ओरडा बसलेल्या पोरासारखा. मला त्यांची दया आली. एरवी त्या दयेपोटी मी सही करून मोकळी झाले असते.

"दादा, माझी सही मिळायची नाही," मी म्हणाले. या वेळी आवाज टायवाल्यापर्यंत पोचला, कारण तो दोन पावलं मागे सरला. "डबी मी देणार नाही. मोठी गाडी घ्यायची तर घ्या, पण ती माझ्या गाडीच्या बदल्यात नाही. आणि या मागच्या सीटवर मी बसणार नाही."

दादांनी पॅड काढून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आता मला हात दे," आई दादांना म्हणाल्या. "उतरायचंय. आणि त्या खुर्च्या सोडवा आधी. तिला दारातून उतरू दे."

दादा पुढच्या दाराशी गेले. टायवाल्याने घाईघाईने पट्टे सोडवले, खुर्च्या बाहेर काढल्या, सीट दुमडली. समोर दार उघडं होतं. नवरा आधी उतरला आणि वळून त्याने मला हात दिला.

मी तो धरला नाही. "आधी किल्ली," म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दादांकडे पाहिलं. दादा आईंना दंडाला धरून उतरवत होते आणि त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. नवऱ्याने शर्ट खाली ओढला, घसा खाकरला, पुन्हा एकदा खाकरला. मी जागची हलले नाही.

"दादा," तो म्हणाला. आवाज चिरकला. "दादा, डबीची किल्ली दे."