शेजारचा घास

फ्लोराच्या नवऱ्याला, एलिजाला, दुपारी पेणच्या कबरस्तानात माती दिली आणि अंधार पडायच्या आत मुंबईची माणसं परतलीसुद्धा. त्यांचंही चूक नव्हतं, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. घरात जमिनीवर सतरंजी टाकून फ्लोरा एकटी बसली होती. शेजारची धोंडुबाई तिच्या ओटीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होती. सगळा जन्म धरमतरच्या मिठागरात गेलेली बाई, पण आज आपल्या हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं.

फ्लोराच्या यहुदी लोकांत माती देऊन आल्यावर पहिलं जेवण सुतकातली माणसं आपल्या घरचं घेत नाहीत. ते दुसऱ्यानं आणायचं, त्यात उकडलेली अंडी हवीत. रोह्याचा पुतण्या जोशुआ ते घेऊन निघालाही होता, पण नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि तो अडकला. गावात त्यांच्यातलं दुसरं घर आता उरलं नव्हतं. एकेक करून सगळी इस्रायलला गेली, फ्लोराची लेक तामारसुद्धा.

"ऱ्हाऊ दे गो," फ्लोरा म्हणाली. "उद्या पानी उतारलं का येल जोशुआ."

सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि ती शुगरची गोळी घेणारी. धोंडुबाईला राग आला. पावसाचा की इस्रायलचा, ते तिला सांगता आलं नसतं.

तशीच ती घरी आली, टोप उचलला आणि थांबली. त्या टोपात सकाळीच जवळा शिजला होता. फ्लोरा खवल्यांचा मासा तेवढा खाते. जवळा, कोलंबी, खेकडा तिच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. लग्न होऊन दोघी या गावात आल्यापासून फ्लोराकडचा गोड पोह्यांचा मलिदा इकडे येत होता. इकडून मात्र नारळ, काकडी, नवे तांदूळ एवढंच गेलं, शिजवलेलं कधीच नाही. दोघींनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, की मनाला लावून घेतलं नव्हतं.

धोंडुबाईनं टोप खाली ठेवला. सुपात तांदूळ घेतले, कोंबड्यांच्या खुराड्यातली अंडी पदरात घेतली, पाण्याची कळशीसुद्धा कमरेवर घेतली.

"टोप तुझा," ती फ्लोरासमोर उभी राहून म्हणाली. "बाकी समदं माझ्या घरचं. चालंल?"

फ्लोरा म्हणाली, "मला ठावं नाय गो. ज्याला इचारायचं, त्याला तर आज पोचवून आले."

"मंग मी सांगते. चालतंय."

भात झाला, अंडी उकडली. धोंडुबाईनं ताट पुढे केलं. फ्लोरा डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, तिनं घास घेतला आणि तोंड हलायचं थांबलं.

"मीठ नाय?"

"दुखवट्याचं हाय ना. आमच्यात अळणी कराची रीत हाय."

"आमच्यात नाय." फ्लोराच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "जल्म मिठात काढलास, आन मला अळणी घालतेस व्हय?"

आणि तिला रडू फुटलं. दिवसभर अडवून धरलेलं रडू होतं ते. धोंडुबाईही रडली, पण रडता रडताच उठली. मिठाची बरणी फळीवर हाताच्या अंतरावर होती. पण ती फ्लोराची. धोंडुबाई भर पावसात आपल्या घरी धावली आणि मुठीत जाडं मीठ घट्ट धरून आली. अर्धं वाटेतच विरघळलं होतं. उरलं तेवढं पुरलं.

फ्लोरा आता जेवू लागली. हळूहळू, पण जेवत होती. धोंडुबाईचा जीव भांड्यात पडला.

अर्ध्या जेवणात फ्लोराचा हात थांबला. "त्याच्या नावाचा घास मी खाल्ला. मी मेल्यावर तामार तिकडं, जोशुआचा पन काय भरवसा नाय. हितं माझ्या नावाचा घास खायला बसंल कोन?"

धोंडुबाईला विचार करावा लागला नाही.

"मी बसन," ती म्हणाली. "मला कोनतरी आनून देल." आणि तिनं फ्लोराच्या ताटात आणखी भात वाढला.