राखेच्या रेघा

काकासाहेबांची काळी अंबॅसिडर कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. भिवाने नेहमीप्रमाणे आधी बोनेटवर तळहात टेकवून पाहिला. पत्रा थंड होता. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की डाग उठतात, म्हणून तो दिवस उजाडतानाच यायचा. बटणं घासू नयेत म्हणून सदरा काढून फांदीला अडकवायचा आणि बोटातली पितळी अंगठी कनवटीला लावायचा. मग टपावरून तांब्या-तांब्याने पाणी सोडायचा, पण गाडीला बोट लावायचा नाही.

"आधी पाणी सोडायचं, मंग हात लावायचा," असं तो गड्याला, म्हणजे भुजंगाला, दहा वेळा तरी सांगून चुकला होता. "कोरडं पुसलं का धूळच पत्र्याला वरबाडती."

धूळ वाहून गेल्यावर तो मऊ फडकं हाती घ्यायचा. तेही पुढून मागे सरळ फिरवायचा, गोल कधीच नाही. टपाचं फडकं वेगळं, चाकांचं वेगळं. फडकं चुकून मातीत पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. औरंगाबादच्या लष्करी छावणीत पंधरा वर्षं साहेबांच्या गाड्या धुताना त्याने ही विद्या मिळवली होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून तो गावी परतला, आणि वडीगोद्रीपासून कोसभर आत असलेल्या या गावात त्याच्या विद्येला गिऱ्हाईक मिळालं ते एकच, सरपंच काकासाहेब.

साल त्र्याहत्तर. आदल्या वर्षी पाऊस गेला तो गेलाच. चैत्र लागला तेव्हा गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. जनावरं चारा छावणीला गेली होती, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. भिवाची बायको प्रभावतीही खडी केंद्रावरच होती. अशा दिवसांत ही गाडी रोज सहा बादल्या पाण्याने न्हायची. काकासाहेबांच्या वाड्यामागच्या विहिरीला झरा होता, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नव्हतं. माणसं सुकली तरी चालतील, पण सरपंचाच्या बोनेटमध्ये तोंड दिसलं पाहिजे! हे लिहितानाही शिसारी येते.

सहा बादल्या गाडीला आणि दोन घागरी भिवाला, असा करार होता. त्या दोन घागरी त्याने स्वतः भरून घ्यायच्या नव्हत्या. विहिरीच्या काठापासून दहा हात लांब उभं राहायचं. भुजंग पाणी ओढायचा आणि घागरीला दोर लागू न देता वरून धार धरायचा. अर्धं पाणी मातीत सांडायचं. छप्पन साली भिवाची वस्ती बुद्धाला शरण गेली, कायद्याने अस्पृश्यता मेली, आणि सरपंचाच्या परड्यात मात्र दहा हातांचं अंतर जसंच्या तसं राहिलं होतं.

मग त्याचा हात गाडीला कसा चालायचा? त्यावर काकासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंनी तोड काढली होती. "लोखंडाला इटाळ न्हाई," त्या म्हणत. "पण आतल्या गादीला हात लावायचा न्हाई बरं का, भिवा." सोयीचा धर्म असा पत्र्याच्या बाहेर एक आणि आत एक असतो.

भिवा हे सगळं गिळत होता, कारण लेक बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी होऊन अकरा दिवस झाले होते. बाळंतिणीला प्यायला, बाळाला न्हाऊ घालायला पाणी लागायचं. सरकारी टँकर दिवसाआड चावडीजवळच्या विहिरीत पाणी ओतायचा. गाव भरून घ्यायचा आणि वस्तीतल्या बाया घागरी मांडून बाजूला बसायच्या, कुणाला दया येईल तेव्हा वरून धार धरली जाईल म्हणून. कधी दया यायची, कधी पाणीच संपायचं.

वस्तीतल्या शाळामास्तरांनी, रामकिसन गुरुजींनी, सरकारी विहिरीवर वस्तीलाही स्वतःच्या हाताने पाणी भरू द्यावं, असा अर्ज तहसीलदाराच्या नावाने लिहिला होता. सगळ्या वस्तीच्या सह्या झाल्या होत्या, एका भिवाची सोडून.

"बेबीचं बाळंतपण निघू द्या, गुरुजी," तो तोंड चुकवून म्हणायचा. "मंग बघू."

गुरुजी अर्ज घडी करून ठेवत. त्या दोन घागरींत काय काय भरून जातं, हे दोघांनाही कळत होतं.

आणखी एक गोष्ट भिवाला आतून खात होती. गाडीच्या टपावरून फिरणारं ते मऊ फडकं प्रभावतीच्या पांढऱ्या लुगड्याचं होतं. दीक्षेच्या दिवशी तेच नेसून, हात जोडून, तिने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. वापरून वापरून ते सायीसारखं मऊ झालं होतं. फाटलं तेव्हा भिवाने त्यातला अर्धा तुकडा मागून घेतला.

"दुसरं काई न्हाई का मिळालं तुमाला?" प्रभावतीने तेव्हा विचारलं होतं.

"जाड कापडानं रेघा पडत्यात," भिवा म्हणाला होता. तिने तुकडा दिला, पण त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती त्याच्या लक्षात राहिली.

रामनवमी आली. काकासाहेबांना सहकुटुंब जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जायचं होतं. सोबत अंबडचे व्याही अप्पाराव येणार, म्हणून गाडी आरशासारखी हवी होती. भिवाने त्या दिवशी जीव ओतला. धुतली, पुसली, काचा कागदाने लखलखीत केल्या आणि सदरा, फडकं फांदीवरच ठेवून आपल्या दोन घागरी घेऊन तो घरी गेला.

इकडे द्वारकाबाई नैवेद्याचा डबा घेऊन गाडीपाशी आल्या आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ज्या मुठीला भिवाचा हात लागला, तीच मूठ धरून दार उघडायचं आणि त्याच हाताने रामाला नैवेद्य दाखवायचा? बोनेटवर तर हार घालायचा, नारळ वाढवायचा! लोखंडाला विटाळ नाही हे रोजच्या दिवशी ठीक होतं. सणाच्या दिवशी काय? त्या घरात पितळेच्या भांड्याला वस्तीतल्या कुणाचा हात लागला की राखेने घासण्याची रीत होती. द्वारकाबाईंनी चुलीतली ओंजळभर राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि मुठी, दारं, बोनेट तांब्याचा हंडा घासावा तशी गोल गोल घासून काढली. हातातल्या पाटल्या दारावर खणखणत होत्या. वरून पाणी ओतलं, गोमूत्र शिंपडलं. ओल्या पत्र्यावर काहीच दिसलं नाही. भक्तिभावाने हात जोडून त्या आत गेल्या.

तासाभराने काकासाहेबांनी गाडी सावलीतून उन्हात काढली. अप्पाराव आले होते, चार माणसं निरोप द्यायला जमली होती. वाळलेल्या पत्र्यावर ऊन पडलं आणि काळा रंग पांढुरक्या वेटोळ्यांनी भरलेला दिसला.

"भिवा कुठं है? बोलवा त्याला जल्दी!"

भिवा धावत आला. त्याने गाडी पाहिली. स्वतःच्या हाताने सांभाळलेली वस्तू कुणीतरी नासवलेली पाहून कारागिराला होतं, तसंच काहीसं त्याला झालं.

"काय केलं रे हे? वाळू घेऊन घासली का?" काकासाहेब ओरडले.

भिवा वाकला. दाराच्या फटीत, मुठीच्या खोबणीत राखाडी गाळ अडकला होता. त्याने नखाने तो काढला आणि बोटांत चोळला. राख! आणि रेघा सगळ्या गोल. त्याने वर पाहिलं. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या आणि पदराखाली पाटल्या झाकत होत्या. त्यांच्या नखांतही तोच राखाडी रंग होता.

काकासाहेबांनीही त्याच्या बोटावरची राख पाहिली. बायकोकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण व्याही उभा होता, चार माणसं उभी होती. ते भिवाजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, भिवा. फडक्यात वाळू गेल्ती म्हणून सांग. मी काई बोलत न्हाई मंग. तुझ्या दोन घागरी हैत तशा चालू राहतील. घरात बाळंतीण है तुझ्या."

एवढंच बोलायचं होतं. फडक्यात वाळू गेल्ती. भिवाच्या डोळ्यांपुढे अकरा दिवसांची नात आली, कोरड्या ओठांची बेबी आली. आजवर त्याने याहून मोठं खोटं गिळलं होतं. पण फांदीवर ते पांढरं फडकं वाळत होतं, आणि त्यात वाळू होती असं म्हणायला त्याची जीभ वळेना.

त्याने फडकं काढलं, झटकलं आणि सगळ्यांपुढे उन्हात धरलं.

"बघा, काकासाहेब. वाळूचा कण न्हाई यात. माझ्या बायकोचं दीक्षेचं लुगडं है हे. या कापडानं आजवर एक रेघ पडली न्हाई." त्याने बोनेटकडे बोट केलं. "ह्या रेघा राखेच्या हैत. माझ्या हाताचा इटाळ पुसायला गेले, गाडीचा रंग निघाला. माझ्या हातानं काई बिघडलं न्हाई. बिघडलं ते तुमच्या पुसण्यानं."

अप्पाराव जमिनीकडे पाहू लागले. भुजंगाने तोंड फिरवलं.

"लई बोलायला लागला!" काकासाहेब कडाडले. "आजपासून पाणी बंद! पाय ठेवायचा न्हाई इथं!"

"न्हाई ठेवत," भिवा म्हणाला. त्याने अंगठी बोटात घातली, सदरा खांद्यावर टाकला, फडकं घडी करून छातीशी धरलं आणि तो निघाला. मागे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. त्याच गाडीतून, त्याच रेघांसकट, ती मंडळी देवदर्शनाला गेली. रामाला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते रामच जाणे. आम्हाला तर किळस वाटते.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. बेबीनंदा बाळाला थोपटत ऐकत होती. प्रभावती घरातल्या दोन भरल्या घागरींकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या हातातून फडकं घेतलं. घागरीतल्या ओंजळभर पाण्यात खळबळून ते दोरीवर टाकलं.

"बाळाखाली आंथरू," ती म्हणाली. "ह्याच्याइतकं मऊ काई न्हाई घरात." आणि जरा थांबून, "गुरुजींकडं जाताय ना?"

रामकिसन गुरुजींनी काही न विचारता अर्ज पुढे केला. भिवाने सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली.

"अर्जाचं उत्तर यायला वेळ लागंल, भिवाकाका," गुरुजी म्हणाले.

"तवर घरात दोन घागरी हैत," भिवा म्हणाला. "उद्या टँकरचा दिवस है. सरकारी इहिरीवर सगळ्यांनी संगं जाऊ. मी पुढं राहतो. आजवर मागं होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बाया डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन निघाल्या. पुढे भिवा, त्याच्या हातात नवा दोर. चावडीची वाट काकासाहेबांच्या दारावरून जात होती. कडुनिंबाखाली भुजंग गाडीवरची धूळ गोणपाटाने कोरडीच पुसत होता. ओसरीवर काकासाहेब बसले होते. घागरी पाहून ते ताडकन उठले.

"कुठं निघाले रे सगळे?"

भिवा थांबला. त्याची नजर सवयीने आधी भुजंगाच्या हातातल्या गोणपाटाकडे गेली, मग सरपंचाकडे.

"आधी पाणी सोडावं लागतं, काकासाहेब," तो म्हणाला. "कोरडं पुसून काईच साफ होत न्हाई."

आणि तो विहिरीकडे चालू लागला.