साहेबांचा झेल

जुगलकिशोर शेटला त्या चेंडूतून मिळवायची होती फक्त वेताची एक खुर्ची, तीही तहसीलदारसाहेबांच्या शामियान्यात, त्यांच्या उजव्या हाताला. नवीन जालन्यात कापसाची जिनिंग, तीन गोदामं, तरी दर जुम्म्याला, कचेरीच्या सुट्टीला, हा माणूस क्रिकेटचा सामना उभ्यानं पाहायचा. लढाईमुळं मुंबईहून येणारे विलायती चेंडू बंद झाले, शेवटचाही उसवला, साहेबांचं तोंड उतरलं, तसा शेट दोन पावलं पुढं सरकला.

"हुजूर, येत्या जुम्म्याला चेंडू हजर!"

शिवायचा कोणी? छावणीतल्या घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या रखमाजीनं. त्यानं जुना चेंडू उकलून पाहिला.

"शेटजी, आत बूच अन् सूत हाय. बूच मिळंना, तर सूतच कचकून गुंडाळतो. वाळायला पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांत दुसराच कोणी खुर्चीवर बसंल! बाभळीचा गोळा घाल, वर कातडं चढव. जल्दी!"

चेंडू झाला. शेटनं तो आधी तराजूत टाकला. चौदा तोळे, जुन्याइतकाच. मग फरशीवर सोडला. जुना नडगीपर्यंत उठायचा, हा मांडीपर्यंत आला. कपाशीला उतारा जास्त, चेंडूला उसळी जास्त, तो माल चांगला, एवढंच शेटला ठाऊक.

"विलायतीपेक्षा सरस!"

"कशाचा सरस? जुना आदळला की दबायचा, अर्धा मार सोताच खायचा. ह्यो बिलकुल दबत न्हाई. ह्याचा सगळा मार समोरच्याला."

"समोरचा बघून घेईल."

समोरचा कोण, हे रखमाजीला माहीत होतं. मार्तंड, कचेरीतला कारकून. तीन वर्षं हंगामी, आणि कायम करायचा कागद साहेबांच्या मेजावर. साहेब खेळायला आले की मार्तंड त्यांच्या पुढ्यात उभा राही. कारण त्या मैदानावर एक रिवाज होता. साहेबांचा झेल घ्यायचा नाही, पण मुद्दाम सोडला असंही दिसू द्यायचं नाही. तळवे ताठ धरायचे. चेंडू आदळून उडाला की आपण हळहळायचं आणि साहेबांनी हसायचं. मार्तंड यात तरबेज होता.

"मार्तंडराव, ह्या चेंडूला ताठ हात लावू नका," रखमाजीनं बजावलं. "धरायचा तर हात मागं घेत धरा. न्हाई तर सरळ जाऊ द्या."

"जाऊ दिला तर साहेबांना कळतं, रखमाजी. अन् धरला तर कायमचा कागद गेला." मार्तंड हसला. "अन् ताठ हातांनी बोटं गेली तर लिहू कशानं?"

जुम्मा उजाडला. शेट खुर्चीत. साहेबांचा पहिलाच उंच फटका डाकघरातल्या वामनकडं गेला. वामननं रिवाजाप्रमाणं ताठ तळवे धरले. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. वामन सवयीनं आधी हळहळला आणि मग हाताकडं बघून खाली बसला. दोन बोटं भलतीकडंच वळली होती.

"बहोत अफसोस," साहेब म्हणाले आणि बॅट जमिनीवर आपटून पुन्हा उभे राहिले. दुसरा चेंडू नव्हता.

"मजबूत माल आहे, हुजूर!" शेट खुर्चीतून म्हणाला.

मार्तंडच्या तळव्यांना घाम सुटला. त्यानं ते धोतराला पुसले. पुन्हा पुसले. चौथ्या षटकात चेंडू थेट त्याच्या छातीवर आला. त्यानं हात ताठ केले खरे, पण शेवटच्या क्षणी कोपरं आपोआप दुमडली, हात मागं आले, आणि चेंडू तळव्यांत अलगद बसला.

पंच म्हणून उभे असलेले नरहरराव बोट वर करण्याऐवजी साहेबांकडं बघत राहिले. साहेबांनी हातमोजे सावकाश काढले, मार्तंडजवळ आले.

"शाबास. नाम क्या है तुम्हारा?"

तीन वर्षं रोज त्याच्याच हातचे कागद वाचणारा माणूस हे विचारत होता.

आता या चेंडूपायी कोणी काय भरलं ते सांगतो. शेटनं काही नाही. साहेबांनी एक डाव. रखमाजीला तसलेच आणखी सहा चेंडू शिवायचा हुकूम झाला. वामनची बोटं वाकडीच जुळली. टपाल तो आता डाव्या हातानं लावतो. मार्तंडची दहाही बोटं शाबूत राहिली. शनिवारी त्याच बोटांत टाक धरून त्यानं कामावरून कमी केल्याच्या हुकमावर पोचल्याची सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.