खाऱ्या टबातला घास

“मावशी, हे बघा तरी. खाऱ्या पाण्यातल्या खेकड्यांचं रीडिंग गोड्यातल्यांच्या वर गेलंय,” अनुपमा मशीनवरून नजर न हटवता म्हणाली. “सर म्हणत होते, कमीच येणार.”

अनसाबाई बेसिनपाशी परीक्षानळ्या विसळत होत्या. शिरूरच्या या कॉलेजात शिपाई म्हणून निम्मं आयुष्य गेलेलं. दिवस कलला की पाय भरून येत.

“कसलं गं रीडिंग?”

“भात-भाकरी पचवणाऱ्या रसाचं. पाण्यात मीठ वाढलं की खेकड्याचा हा रस वाढतो का आटतो, तेच तर बघतेय. म्हणून सगळे उपाशी ठेवले ना. पोटात काही गेलं की रस आपसूक वाढणार. मग मिठानं वाढला की खाण्यानं, कळायचं कसं?”

नळाखालचा अनसाबाईंचा हात थांबला.

खेकडे भीमेतले, वडगाव रासाईच्या हरिबानं आणून दिलेले. टबात हवा सोडणारी मोटर लाईट गेली की बंद पडे, म्हणून संध्याकाळी अनसाबाई राखणीला थांबत. सोमवारचा उपासही तिथंच सोडत. सोडताना पहिला घास मुक्या जिवाला द्यायचा, हा सासूनं घालून दिलेला नेम. घरी गाय होती. इथं गाय कुठली? सगळ्यात खाऱ्या टबातले खेकडे कोपऱ्यात मरगळून पडलेले दिसले, तेव्हा वरणभाताचा घास त्यांनी हळूच त्या पाण्यात सोडला. उपाशी ठेवायचेत हे ठाऊक होतं. पण देवाच्या नावचा घासही खाण्यात धरतात, असं काही मनात आलंच नाही.

पीएचडीच्या या प्रबंधापायी पोरीनं लग्न पुढं ढकललं होतं. आज कुठं तिच्या तोंडावर जरा तजेला दिसत होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं.

त्यांनी नळ बंद केला.

“अनुपमा, खाऱ्या टबात मी भात टाकला व्हता.”

“चेष्टा नका करू हं, मावशी.”

“सोमवारी. उपास सोडताना. तू रसासाठी खेकडं कापायच्या आदल्या दिशी.”

अनुपमा स्टुलावर टेकली. तिनं वहीतला आकडा खोडला.

“मग सगळं पहिल्यापासून करावं लागणार.”

“त्या खाऱ्या टबाचंच परत करून बघ की.”

“सगळे टब एकाच वेळी बघावे लागतात, मावशी. नवे खेकडे आणायचे. सगळ्या टबांसाठी.” मग हलकेच म्हणाली, “एका घासापायी…”

अनसाबाईंनी विसळलेल्या नळ्या पुन्हा विसळायला घेतल्या.

दोन दिवसांनी हरिबा खेकड्यांचं पोतं घेऊन आला तो हसतच. “काय आक्का, मागचं खेकडं एवढ्यात संपलं? उपास धरता का कालवण करता?”

“वत तू गुमान,” अनसाबाई म्हणाल्या आणि बादली पुढं केली.

“सोमवारी ड्युटी बदलून घ्या ना,” अनुपमानं जपून विचारलं.

“न्हाई. मीच थांबते.”

सोमवारी डबा गेटवर वॉचमनकडं ठेवूनच त्या आत आल्या. मोटर बुडबुडत होती. खाऱ्या टबाशी स्टूल ओढून त्या रिकाम्या हातांनी बसल्या. त्यांची सावली पाण्यावर पडली, तसे नवे खेकडे एकमेकांच्या अंगावर चढत मागं सरकले.