शिक्क्याविना हमी

गेन्पेईच्या घराण्यात एकच नियम पाळला जाई: अंगावरचा सदरा द्यावा, शिक्का देऊ नये. त्याच्या बापाने एका दोस्ताच्या हमीपत्रावर शिक्का उठवला आणि दोस्तामागोमाग दोन भातखाचरंही गेली. तेव्हापासून सहीऐवजी उठवायचा तो नावाचा शिक्का पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात. चटया शिवता शिवता गेन्पेई अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, पण सख्ख्या मेहुण्यालाही तो कधी जामीन राहिला नव्हता.

आणि आता समोर थुई बसली होती. व्हिएतनामची, अकरा वर्षं गावातल्या वृद्धकेंद्रात सेविका; गेन्पेईच्या बायकोला, फुमिएला, आठवड्यातून दोनदा अंघोळीला नेणारी.

"आजोबा, कायमच्या रहिवासाचा अर्ज करतेय. सगळे कागद जमले. फक्त इथला एक हमीदार हवा. पैशाचं काही नाही. मी नीट वागेन, कायदा पाळेन, एवढीच हमी."

"मग तर पैशाहून वाईट. पैसे फेडता तरी येतात."

थुई हसली, पण फॉर्म तिने हातातच धरून ठेवला. दर तीन वर्षांनी राहण्याचा परवाना वाढवायचा; नोकरी सुटली की देशही सुटला. हमीसाठी विचारल्यावर केंद्राच्या बाईंनी नियम पुढे केला होता. शेजारच्या मास्तरांनी मान तिरकी करून दातांतून हवा ओढली होती, म्हणजे नाहीच.

"अहो," फुमिए खुर्चीतून म्हणाली, "चार वर्षं ही माझी पाठ चोळतेय. तुम्ही लग्नापासून कितीदा चोळलीत?"

गेन्पेईने चार दिवस चटया शिवल्या आणि सुई तीनदा बोटात टोचून घेतली. रविवारी सकाळी त्याने थुईला बोलावलं. अंगात मयताला जाताना घालायचा काळा सूट. टेबलावर शिक्का, दातकोरण्याने रेघ न् रेघ साफ केलेला, शेजारी लाल शाई.

त्याने फॉर्म वाचला, उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरला.

"शिक्क्याची जागा कुठाय?"

"आता शिक्का लागत नाही, आजोबा. नुसती सही."

"नुसती सही मी कुरिअरवाल्यालाही देतो. ही कसली हमी?"

"बरंच झालं की," फुमिए म्हणाली. "शिक्का दिलाच नाहीत. सासऱ्यांचा नियमही राहिला."

गेन्पेईला ते पटेना. शिक्का बापाचा, बुडालं तर बापाच्या नावावर ढकलता आलं असतं. सही मात्र निव्वळ त्याची. त्याने तीन वेळा पेन उचललं, चष्मा पुसला, आणि शाळेतल्यासारखं जपून नाव लिहिलं. खाली एक रकाना होता: अर्जदाराशी नातं.

"ओळखीची, असं लिहितात," थुई म्हणाली.

"ओळखीचा तर पोस्टमनही आहे," असं पुटपुटत त्याने तेच लिहिलं.

चौदा महिन्यांनी थुई कायमच्या रहिवासाचं नवं कार्ड घेऊन आली. गेन्पेईने ते हातभर लांब धरून पाहिलं आणि फोटो वाईट आलाय म्हणाला. मग म्हणाला, "काल संध्याकाळी पुलावर तुझ्या सायकलचा दिवा बंद होता. आणि परवा लाल सिग्नलला तू पाय टेकून थांबली नाहीस."

"सगळं बघता तुम्ही! आता तरी सोडा, आजोबा. आता मी कायमची झाले."

"म्हणूनच," गेन्पेई म्हणाला. "तीन वर्षांपुरती असतीस तर सोडून दिलं असतं."