मेहुण्याने तपासलेली हवा

ठेकेदाराला सगळे दादाच म्हणत. ॲस्बेस्टॉसची जुनी छतं उतरवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचं, कौलांखालचं छतही त्याने झकास उतरवलं. पत्रे ओले केले, एकही फुटू दिला नाही, जाड पिशव्यांत गुंडाळून बाहेर काढले, भिंती पुसून घेतल्या. राहिली होती ती हवेत धूळ उरली नाही ना, याची शेवटची तपासणी, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

तपासणी करणारी बाई परवानाधारक. तिला ग्रंथालयाने नेमलेलं, म्हणजे ती दादाची मिंधी नव्हती. ज्याने काम केलं त्यानेच ते पास करायचं नाही, असा नियमच होता. पण ती दुसऱ्या कामात अडकली होती आणि सोमवारी येते म्हणाली होती. इकडे दादाची धाकटी बहीण उतावीळ झालेली. ती तिथली ग्रंथपाल, आणि तिचा बालविभाग बंद. पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून गोष्टी ऐकत होती.

"दादा, एवढं सगळं केलंस, आणि अडलंय कशावर? हवेवर!"

धाकटीने असं म्हटलं की दादा विरघळायचाच. त्याने मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा भाऊ मनाने सरळ, पण हौस दांडगी. पत्रे कसे काढायचे, याचं शिक्षण त्याने घेतलं होतं. हवा कशी मोजायची, याचं नाही.

"हवा ओढायच्या पंपाला फिल्टर लावायचा आणि बटण दाबायचं," तो म्हणाला. "त्याला काय अक्कल लागते?"

घरचाच तर माणूस आहे, अशी दादाने स्वतःची समजूत घातली. मेहुण्याने पंप लावला, फिल्टर प्रयोगशाळेत पाठवला. निकाल स्वच्छ आला. तपासणी कोणी केली हे बहिणीने विचारलंच नाही. हवा स्वच्छ आहे म्हणून दादाने सांगितलं, तिने दार उघडलं.

सोमवारी ती बाई आली. एका हातात पंपाची पेटी, दुसऱ्या हातात पालापाचोळा उडवायचं यंत्र. दादा आणि मेहुणा अंगणात सामान आवरत होते. वरच्या मजल्यावरून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"वर कोण आहे?" तिने विचारलं.

"बालविभाग सुरू झाला," दादा नजर चुकवत म्हणाला. "तपासणी आम्हीच उरकली. निकाल चोख आहे."

ती रागावली नाही. रागावली असती तर दादाला बरं वाटलं असतं. तिने मेहुण्याकडे पाहिलं. "पंप चालू असताना खोलीत काय चाललं होतं?"

"काही म्हणजे काही नाही!" मेहुण्याची छाती फुगली. "आदल्या दिवसापासून दारं-खिडक्या बंद. पंखे बंद. माशीलासुद्धा फिरकू दिलं नाही. सगळी धूळ खाली बसली, मगच पंप लावला."

तिने हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"मी आधी हे फिरवते," ती म्हणाली. "भिंतींवर, कोनाड्यांत, पंख्यांच्या पात्यांवर. बसलेलं सगळं उठवते आणि मग मोजते. माणसं आत वावरायला लागली की तेच होणार असतं ना? तुम्ही मोजलीत ती झोपलेली खोली."

दादाने वरच्या खिडकीकडे पाहिलं. या कामात त्याचे केस पांढरे झाले होते. ती धूळ डोळ्यांना दिसत नाही, छातीत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं गप्प राहते, हे तो नव्या कामगारांना घसा फोडून सांगायचा. पंख्याच्या पात्यांचा विचार मात्र त्याच्या डोक्यात आला नव्हता. पंखे पुसले होते का? आठवेना.

तो जिना धावत चढला. दार उघडंच होतं. चारही पंखे गरगरत होते. पोरं जमिनीवर फतकल मारून बसली होती, आणि मधोमध बहीण, मांडीवर पुस्तक उघडून. त्याला पाहताच तिचा चेहरा खुलला.

"दादा, ये ना आत! बघ, किती छान हवा खेळतेय!" आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

दादा उंबरठ्यावरच थबकला. आपला श्वास आपण कधीचाच रोखून धरलाय, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. पंखे बंद कर, सगळ्यांना बाहेर काढ, असं त्याला ओरडायचं होतं.

पण ओरडायचं तर आधी श्वास घ्यावा लागणार होता. त्याने तो घेतला.