जिन्याखालच्या तारा

घर घेताना आम्ही भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, जिन्याखालचं कपाट मात्र कुणी उघडलं नाही. राहायला आल्यावर उघडलं, तर भिंतीतून तारांचा मोठा झुबका बाहेर लोंबत होता. आधीच्या मालकाला घरभर गाणी आणि टीव्ही खेळवायची हौस होती म्हणे. भिंती बांधतानाच त्याने तारा घालून घेतल्या, खोल्याखोल्यांच्या छतात स्पीकर बसवले आणि यंत्रं आणायच्या आधीच घर विकलं. कुठली तार कुठे जाते हे त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं तो बरोबर घेऊन गेला.

मी आयुष्य वाचनालयात काढलं. घरातले दिवे गेले की मी मेणबत्ती शोधतो, बाकीचं मुलगा बघतो. मी कपाट पुन्हा लावून टाकलं.

मग बायको घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. आमची झोपायची खोली वर, बाकी सगळं घर खाली. मी वर जाऊन तिच्यापाशी बसत असे, पण मी बोलका नाही. तिच्याजवळही पुस्तकच वाचत बसायचो.

"तुमचं खालचं हसणं वर येतं," ती एकदा म्हणाली, "पण कशाला हसताय ते येत नाही."

"टीव्ही वर आणू या का?"

"टीव्ही नकोय मला. घरात काय चाललंय ते कळायला हवंय."

लेकीने फोन केला. तिचं घर एकाच मजल्याचं. "चालायला लागेपर्यंत आईला माझ्याकडे नेते," म्हणाली. बायको म्हणाली, "बघू." आमच्या घरात तिचा 'बघू' म्हणजे निम्मं हो असतं. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसला. आणि मला तारा आठवल्या.

माळ्यावर वाचनालयाने टाकून दिलेला एक अॅम्प्लिफायर होता, सोबत भाषणांचा माइक. तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि वरच्या खोलीची तार सापडली, तर खालचं सगळं बोलणं तिला पलंगावर ऐकू येणार होतं. लेक यायच्या आत हे जमलं, तर कदाचित 'बघू'चा 'नको' होईल, असा माझा हिशोब. यावरचं एक पुस्तक आणून मी खुणा घालून वाचलं. टीव्हीच्या जाड काळ्या तारा वेगळ्या काढल्या, स्पीकरच्या लाल-काळ्या जोड्या वेगळ्या. पुस्तकात एक सोपी युक्ती होती. घड्याळातला साधा सेल घ्यायचा आणि जोडीची दोन टोकं त्याला क्षणभर टेकवायची. ती जोडी ज्या स्पीकरची असेल तो 'टक्' असा वाजतो.

"टक् ऐकू आलं की काठी आपट," मी बायकोला सांगितलं.

"आणि नाही आलं तर?"

"तर काही करू नकोस."

मुलगा कामावर गेला होता. मी कपाटात शिरलो आणि पहिल्या जोडीला सेल टेकवला. वरून काठी वाजली. पहिल्याच फटक्यात यश आलं की मला भीती वाटते. म्हणून दुसरी जोडी घेतली. काठी वाजली. तिसरीलाही वाजली, चौथीलाही.

मी वर जाऊन छत निरखलं. स्पीकरच्या जाळीची चकती एकच दिसत होती.

"चारही वेळा ऐकू आलं?"

"आलं की," ती पांघरूण सारखं करत म्हणाली.

बाकीचे स्पीकर छताच्या आत लपवले असतील, असं मी धरून चाललो. माझंच काही कळण्यात चुकत असणार, ही माझी जुनी खात्री. चारही जोड्या मी अॅम्प्लिफायरला जोडून टाकल्या.

माइकची तार टेबलापर्यंत न्यायच्या आत लेक आली. वर जाऊन आईला भेटली, मग स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. मुलगाही घरी आला होता, बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होता. लेकीची रिकामी बॅग जिन्यापाशी होती. मी कपाटात शिरून दार ओढून घेतलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला. माइकमध्ये काय बोलायचं हे ठरवलंच नव्हतं. 'एक, दोन, तीन' म्हणावं, असं पुस्तकात होतं.

"अगं," मी म्हणालो, "मी आहे. जाऊ नकोस तिकडे. तू गेलीस तर मला या घरात काही सुचायचं नाही. पुस्तकसुद्धा."

वर काठी वाजली नाही. मी थांबलो. तरी नाही. तेवढ्यात दार उघडलं. लेक उभी होती, हातात गाळणं.

"बाबा, हे सगळं स्वयंपाकघरात आलं."

"बाहेर पण," मुलगा पलीकडून म्हणाला. "न्हाणीघरातही आलं असणार."

माझे कान तापले. मी तसाच वर गेलो. बायको उशीला टेकून बसली होती, काठी पलंगाला लावून ठेवलेली.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. एकच वेळ, आणि नीट."

"मग काठी?"

"सकाळी ऐकू न येताही चारही वेळा आपटून बसले ना. तुम्ही त्या अंधारात वाकून धडपडत होता, गप्प राहायचं जिवावर आलं. एकदा जरी नाही आपटली असती तरी पुस्तक उघडून बसला असतात." तिने काठीकडे बोट दाखवलं. "आता या बोलण्यालाही काठी आपटली असती, तर तुम्हाला खरी वाटली असती?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. खालून लेकीने हाक मारली, "आई, बॅग वर आणू की राहू दे?"

"राहू दे," बायको म्हणाली. "आणि चहा तिथेच प्या सगळे. काय बोलता ते मी ऐकते."

त्या संध्याकाळी माइक टेबलावर गेला. तेव्हापासून आमचं जेवतानाचं बोलणं वर ऐकू येतं आणि न्हाणीघरातही. मुलगा म्हणतो, बाबा, आईची जोडी तेवढी ठेवा, बाकीच्या तीन काढा. मी हो म्हणतो. पण ती कुठली हे शोधायचं, तर पुन्हा त्या काठीवर विश्वास ठेवावा लागेल.